वेळेच्या वहीतील कामांची यादी

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ऑबर्न नावाचे एक शहर आहे. विलार्ड बंडी हा तेथील एक जवाहिऱ्या. १८८८ साली त्याने एक विशेष प्रकारचे घड्याळ तयार केले. कामगाराने आपल्या क्रमांकाची किल्ली त्यात घालून फिरविली की, तो क्रमांक आणि ती वेळ कागदाच्या फितीवर छापली जाई. कारखान्याच्या दारावर वही घेऊन बसणाऱ्या हजेरी-कारकुनाचे काम हळूहळू यंत्राकडे जाऊ लागले, त्याचा हा आरंभ होय. पुढे बंडीबंधूंचा कारखाना इतर कारखान्यांशी एक होत गेला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीनेच १९२४ साली आयबीएम हे नाव धारण केले. वेळ मोजणारे यंत्र आणि हिशेब करणारे यंत्र ही एकाच घराण्यातील भावंडे आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

बंडीच्या घड्याळाला एक गोष्ट मात्र सांगता येत नसे. माणूस केव्हा आला आणि केव्हा गेला, एवढेच ते जाणत होते. मधल्या तासांत त्याने काय केले याची त्याला वार्ता नव्हती. कारखान्यात ही उणीव फारशी भासली नाही, कारण तेथील काम डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु ज्यांचे काम कागदावर आणि मनात चालते, अशा व्यवसायांत ती जाणवू लागली. बोस्टन येथील रेजिनाल्ड हेबर स्मिथ हे १९१९ साली एका वकिली कचेरीत दाखल झाले. कचेरीच्या कारभाराची घडी बसविताना, प्रत्येक वकिलाने आपल्या दिवसाचा हिशेब लिहून ठेवावा, अशी पद्धत त्यांनी पाडली. तासाचे दहा भाग, म्हणजे सहा-सहा मिनिटांचे तुकडे. आणि प्रत्येक तुकडा कोणत्या अशिलासाठी व कशात खर्ची पडला, याची नोंद. आज जगभर अनेक व्यवसायांत तासांवर बिल आकारण्याची जी रीत आहे, तिच्या मुळाशी ही साधी वही आहे.

या वहीने वेळेला नाव दिले. तीन तास हा केवळ आकडा आहे. 'मसुदा लिहिण्यात तीन तास' ही नोंद आहे. परंतु नाव देण्याचे काम प्रत्येकाच्या मर्जीवर सोडले, तर एक जण 'मसुदा' लिहील, दुसरा 'लेखन' लिहील आणि तिसरा 'कागदपत्रे' लिहील. महिनाअखेर बेरीज करणाऱ्याला तिन्हींचा मेळ लागणार नाही. म्हणून वेळेच्या वहीबरोबरच कामांची ठरावीक यादीही जन्माला आली. ही यादी कचेरीच्या भिंतीवर लावलेली असे, किंवा हेडक्लार्कच्या मेजाच्या खणात असे. नवा कारकून ती वाची आणि अडले की शेजारच्या जुन्या माणसाला विचारी. 'हे नाव आता वापरायचे नाही', 'हे एवढ्या एका गिऱ्हाइकापुरतेच आहे', 'याचे पैसे लावायचे नसतात' असे बरेचसे ज्ञान यादीत लिहिलेले नसे. ते जुन्या माणसाच्या डोक्यात असे आणि विचारणाऱ्याला मिळे. यादी अपुरी असली, तरी कचेरी पुरी असे.

आता ती वही संगणकात गेली आहे. न्यूयॉर्क शहरात २००६ साली सुरू झालेली 'हार्वेस्ट' ही वेळनोंदीची प्रणाली या बाबतीत पाहण्यासारखी आहे. हार्वेस्ट म्हणजे सुगी. जे पेरले त्याचे माप घेण्याचा काळ. या प्रणालीत गिऱ्हाइके असतात, गिऱ्हाइकांचे प्रकल्प असतात आणि प्रकल्पांवर खर्ची पडणाऱ्या वेळेला शीर्षक म्हणून कामे असतात. रेखाटन, बैठक, हिशेबतपासणी ही अशा कामांची उदाहरणे. प्रत्येक कामाला एक क्रमांक असतो, नाव असते, त्याचे पैसे सहसा आकारायचे की नाही याची खूण असते, तासाचा नेहमीचा दर ठरविता येतो आणि ते काम अद्याप चालू आहे की बंद केले आहे, याचीही नोंद असते. एखाद्या कामावर कोणाचीही वेळ मांडलेली असेल, तर ते काम पुसून टाकता येत नाही. फक्त बंद करता येते. ही योजना शहाणपणाची आहे. ज्या नावावर माणसाचे तास जमा झाले, ते नावच वहीतून नाहीसे झाले तर ते तास निराधार होतील.

या वहीला अलीकडे एक नवा वाचक मिळाला आहे. त्याला एजंट असे म्हणतात. एजंट म्हणजे भाषा समजणाऱ्या कृत्रिम बुद्धीला हातपाय जोडून तयार केलेला यंत्र-कारकून होय. माणसाने आपल्या बोलीत सांगावे, 'काल दुपारी तीन तास रेखाटनात गेले, तेवढे मांडून ठेव,' आणि या कारकुनाने वही उघडून, योग्य पान शोधून नोंद करावी, अशी ही कल्पना आहे. एजंटाला बाहेरच्या प्रणालींशी जोडण्याची एक समान रीत असावी, म्हणून अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची नियमावली प्रसिद्ध केली. या नियमावलीनुसार प्रणाली एजंटापुढे काही साधने मांडते. प्रत्येक साधनाला एक नाव असते. ते काय करते हे सांगणारे चार ओळींचे टिपण असते. आणि त्याला कोणकोणती माहिती पुरवावी लागते याचा तक्ता असतो. 'कामांची यादी दे' हे अशा साधनांपैकी अगदी आरंभीचे आणि दिसावयास अगदी साधे साधन होय.

एजंटाच्या दृष्टीने पाहिले, तर या साधेपणामागची अडचण ध्यानात येते. एजंटाने ती कचेरी पाहिलेली नाही. त्याच्या शेजारी जुना माणूस बसलेला नाही. साधनाचे नाव, त्याचे टिपण आणि त्याचा तक्ता, एवढेच त्याच्या हाती असते. त्या चार ओळींत जे आहे ते त्याला ठाऊक. जे नाही ते तो तर्काने भरून काढतो. त्याचा तर्क पुष्कळदा बरोबर येतो, आणि म्हणूनच जेव्हा तो चुकतो तेव्हा ती चूक कोणाच्या लक्षात येत नाही. संकोचून थांबणे, मान खाजविणे, 'जरा विचारून येतो' म्हणणे या नव्या माणसाच्या स्वाभाविक खुणा त्याच्या ठिकाणी नसतात. तो चुकीची नोंदही तितक्याच सफाईने करतो.

अशा साधनाचे टिपण पुष्कळदा एका वाक्यात उरकलेले असते: 'कामांची यादी देते.' हे वाक्य खोटे नाही. परंतु त्यात किती प्रश्न अनुत्तरित राहिले आहेत, हे एकेक करून पाहण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न 'काम' या शब्दाचाच आहे. एखाद्या गृहस्थाने सकाळी एजंटाला विचारले, 'आज माझी कोणती कामे आहेत?' तर त्याला हवी असतात ती करावयाची कामे: कोणाला पत्र पाठवायचे, कोणता आराखडा पुरा करायचा, कोणाची मुदत संपत आली. वेळनोंदीच्या वहीत 'काम' हा शब्द या अर्थाने येतच नाही. तेथे काम म्हणजे वेळेचे शीर्षक. त्याला मुदत नसते, ते कोणी पुरे करत नाही, ते केवळ एक खण आहे. परंतु टिपणात तसे सांगितले नसेल, तर एजंट ते साधन उचलील आणि त्या गृहस्थाला आत्मविश्वासाने सांगेल की, आज आपली कामे तीन आहेत: रेखाटन, बैठक आणि हिशेबतपासणी. उत्तर व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने निरुपयोगी. ज्या दुसऱ्या साधनाजवळ खरे उत्तर होते, ते तसेच पडून राहील. म्हणून चांगल्या टिपणात साधन काय करते याइतकेच ते काय करत नाही हेही लिहावे लागते.

दुसरा प्रश्न यादीच्या व्याप्तीचा आहे. हार्वेस्टमध्ये कामांची मुख्य यादी संपूर्ण खात्याची असते. त्यांतील कोणती कामे कोणत्या प्रकल्पाला लागू आहेत, हे वेगळ्या ठिकाणी नोंदलेले असते. प्रत्येक काम त्या त्या प्रकल्पाशी जोडावे लागते. वेळ मांडताना प्रकल्प, काम आणि तारीख या तिन्ही गोष्टी द्याव्या लागतात, आणि काम हे त्या प्रकल्पाशी जोडलेले असावे लागते. मुख्य यादीत 'रेखाटन' दिसले, म्हणून ते प्रत्येक प्रकल्पात चालेल असे नाही. कोठारात धान्य आहे म्हणून ते प्रत्येकाच्या पानात वाढलेले असेलच, असे थोडेच आहे? शिवाय ही मुख्य यादी सर्वांनाच उघडता येत नाही. ती पाहण्याचा अधिकार प्रशासकाला किंवा योग्य परवानगी असलेल्या व्यवस्थापकाला असतो. सामान्य कर्मचाऱ्याने आपल्यावर सोपविलेले प्रकल्प आणि त्यांना जोडलेली कामे पाहावीत, अशी निराळी सोय आहे. ही गोष्ट टिपणात नसेल, तर सामान्य कर्मचाऱ्याचा एजंट बंद दारावर पुन्हापुन्हा थाप मारीत राहील. किंवा 'खात्यात कामे नाहीत' असा निष्कर्ष काढील. दार बंद असणे आणि घर रिकामे असणे यांतला फरक माणसाला सांगावा लागत नाही. यंत्राला सांगावा लागतो.

तिसरा प्रश्न चालू आणि बंद कामांचा. बंद केलेली कामे वहीतून जात नाहीत, हे वर आलेच आहे. यादी मागताना 'फक्त चालू कामे' असे सांगितले नाही, तर दोन्ही प्रकारची कामे एकत्र येतात. समजा, एखाद्या कचेरीत तीन वर्षांपूर्वी 'रेखाटन' नावाचे काम बंद करून 'रेखाटन व दुरुस्ती' असे नवे काम उघडले आहे. गृहस्थाच्या तोंडी अर्थातच जुने नाव आहे. एजंटाला यादीत ते नाव अक्षरशः जुळणारे सापडते आणि तो त्यालाच धरून बसतो. त्याच्या लेखी शब्द जुळला. कचेरीच्या लेखी मात्र ते नाव केव्हाच निवृत्त झाले होते.

चौथा प्रश्न पानांचा. यादी लांब असेल तर प्रणाली ती एका दमात देत नाही. पहिले पान देते आणि पुढे आणखी पाने आहेत हे कळविते. माणूस छापील यादी हातात घेतो तेव्हा तिची जाडी त्याच्या बोटांना कळते. एजंटाला पहिले पान हीच यादी वाटण्याचा संभव असतो. हवे ते नाव पहिल्या पानावर नसले, तर ते नाहीच असे तो सांगेल; आणि त्याला परवानगी असेल, तर त्याच नावाचे दुसरे काम नव्याने उघडूनही बसेल. मग एका कामाची दोन नावे नव्हे, तर एका नावाची दोन कामे होतील आणि बेरजेचा मेळ कायमचा बिघडेल.

अशा सर्व गोष्टी ध्यानात घेऊन लिहिलेले टिपण साधारण पुढीलप्रमाणे होईल: 'हे साधन खात्यातील कामप्रकारांची यादी देते. कामप्रकार म्हणजे वेळनोंदीचे शीर्षक. कोणावर सोपविलेले किंवा मुदत असलेले काम नव्हे. "आज काय करायचे आहे" अशा प्रश्नासाठी हे वापरू नये. यादीत नाव असले तरी ते प्रत्येक प्रकल्पात चालेलच असे नाही. वेळ मांडण्यापूर्वी त्या प्रकल्पाला जोडलेली कामे पाहावीत. चालू कामेच हवी असल्यास तसे स्पष्ट सांगावे; न सांगितल्यास बंद कामेही येतात. यादी पानापानांनी येते. पुढचे पान उरले नाही असे कळेपर्यंत ती पुरी समजू नये. परवानगी नाही असे उत्तर आल्यास यादी रिकामी आहे असे समजू नये. वापरणाऱ्यावर सोपविलेले प्रकल्प पाहावेत. एकाहून अधिक नावे जुळत असल्यास वापरणाऱ्याला विचारावे. हे साधन केवळ वाचते. काहीही बदलत नाही.'

या टिपणात अलंकार नाही, पांडित्य नाही. जुन्या कचेरीत हेडक्लार्क नव्या माणसाला पहिल्या दिवशी जे पाच मिनिटांत सांगे, तेच येथे लिहून ठेवले आहे. परंतु त्यातले प्रत्येक वाक्य एकेका चुकीचा दरवाजा बंद करते.

अर्थात, याचा अर्थ टिपण जितके लांब तितके चांगले, असा मात्र नव्हे. एजंटापुढे एका वेळी दहा-वीस साधने मांडलेली असतात आणि त्या सर्वांची टिपणे तो एकदम डोळ्यांपुढे ठेवून विचार करतो. त्याच्या अवधानालाही मर्यादा आहे. प्रत्येक साधनाने आपली बखर लिहिली, तर कामाचे शब्द त्या गर्दीत हरवतात. संस्थेचा इतिहास, प्रणालीची स्तुती, आतल्या रचनेचे वर्णन यांना तेथे जागा नाही. ज्या वाक्यावाचून एजंट चुकेल, तेवढेच वाक्य ठेवावे, ही कसोटी होय. थोडक्यात लिहिणे आणि तोकडे लिहिणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याला विषयाचे ज्ञान लागते, दुसऱ्याला केवळ घाई पुरते.

शेजारच्या साधनांची संगतही पाहावी लागते. यादीचे साधन वाचते, तर वेळ मांडण्याचे साधन लिहिते. आणि लिहिणाऱ्या साधनाच्या चुका सहज निस्तरत नाहीत. हार्वेस्टमध्ये तासांच्या आकड्यावरून वेळ मांडताना तो आकडाच दिला नाही, तर नोंद शून्यापासून सुरू होते आणि घड्याळ चालू होते. माणसाला ही सोय उपयोगी आहे. काम सुरू करताना तो तेवढ्यासाठीच रकाना रिकामा ठेवतो. परंतु एजंटाने अनवधानाने आकडा गाळला, तर कालच्या तीन तासांऐवजी आज एक घड्याळ टिकटिकत राहील. तारखेचेही तसेच. पुण्यात १ एप्रिलच्या पहाटे एक वाजता काम संपविणाऱ्या माणसाच्या न्यूयॉर्कमधील गिऱ्हाइकाकडे अजून ३१ मार्चच्या दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. नोंद कोणाच्या तारखेने करावयाची, हे लिहिलेले नसेल, तर एकाच रात्रीचे काम एका वहीत एका महिन्यात आणि दुसऱ्या वहीत दुसऱ्या महिन्यात पडेल. आणि भारतात तर त्या एका रात्रीने आर्थिक वर्षच बदलते. पुणे, बंगळूर, हैदराबाद येथून परदेशी गिऱ्हाइकांसाठी तासांवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न केवळ कल्पनेतला वाटणार नाही.

प्रोटोकॉलच्या नियमावलीत, साधन केवळ वाचणारे आहे की काही बदलणारे वा नष्ट करणारे आहे, हे दर्शविणाऱ्या खुणांची सोय आहे. परंतु त्या केवळ सूचना आहेत, हमी नव्हेत, असेही तेथेच बजावले आहे. हा इशारा महत्त्वाचा आहे. टिपण लिहिणारा अप्रामाणिक असेल, तर त्या चार ओळींतूनच एजंटाला आडवाटेला नेता येईल. कामाच्या नावाच्या रकान्यात कोणी खोडसाळपणे एखादी आज्ञा लिहून ठेवली, तर एजंट ती आज्ञा समजून बसण्याचा धोकाही असतो. यादीत आलेली नावे ही माहिती आहे, हुकूम नव्हे, हे भान एजंट तयार करणाऱ्यांनी आणि टिपण लिहिणाऱ्यांनी, दोघांनीही राखावे लागते. एका अक्षराच्या फेरफाराने हुकमाचा अर्थ कसा पालटतो, हे 'ध चा मा' करण्याची कथा परंपरेने ऐकत आलेल्या मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. त्या कथेत अक्षर बदलणारा हात होता. येथे हात नसतानाही, केवळ न लिहिलेल्या एका वाक्यामुळे, अर्थ बदलू शकतो.

एवढी काळजी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. वेळेच्या वहीत एखादी नोंद इकडची तिकडे झाली, तर असे काय बिघडले? बिघडते ते असे. प्रत्येक नोंदीमागे एका माणसाच्या आयुष्यातले काही तास असतात. ज्या कामाचे पैसे आकारायचे नाहीत, अशा शीर्षकाखाली ते तास गेले, तर त्यांचे बिल होणार नाही आणि महिनाअखेर त्या माणसाने काहीच केले नाही असे दिसेल. उलट झाले, तर गिऱ्हाइकाला न केलेल्या कामाचे बिल जाईल. दोन्ही प्रसंगी कोणी खोटे बोललेले नसते. माणसाने खरे सांगितले, एजंटाने समजले तसे मांडले, प्रणालीने मिळाले ते जपून ठेवले; तरी वही खोटी ठरली. आठवड्याच्या नोंदी वरिष्ठांनी मंजूर केल्या की त्यांना कुलूप लागते, आणि मग कुलपाआडची चूक हीच खरी नोंद म्हणून मिरवू लागते.

वेळ मोजण्याविषयी श्रमिकांच्या मनात जो संशय आहे, त्यालाही इतिहास आहे. फ्रेडरिक टेलर यांनी कामाचे बारीक तुकडे करून थांबघड्याळाने ते मोजण्याची पद्धत प्रसृत केली. १९११ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रशाळेत ओतकामाच्या कामगारांनी या घड्याळाविरुद्ध काम थांबविले. प्रकरण अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत गेले आणि १९१५ साली सरकारी शस्त्रागारांतील कामगारांवर असे थांबघड्याळ लावण्यास कायद्याने अटकाव झाला. त्या कामगारांना मोजमापाचा तिटकारा होता असे नव्हे. आपल्या श्रमाचे तुकडे दुसऱ्याने पाडावेत, त्यांना दुसऱ्याने नावे द्यावीत आणि त्यात आपल्याला विचारूही नये, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही. स्मिथ यांच्या वहीत आणि टेलर यांच्या घड्याळात हाच भेद आहे. वहीत माणूस आपल्या वेळेला आपण होऊन नाव देतो. घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस दुसऱ्याच्या वेळेला नाव देतो.

एजंट या दोहोंच्या मध्ये उभा आहे. तो माणसाच्या वतीने लिहितो, परंतु नाव निवडतो तो. म्हणूनच वरच्या टिपणातील 'एकाहून अधिक नावे जुळत असल्यास वापरणाऱ्याला विचारावे' हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. बाकीची वाक्ये एजंटाला अचूक करतात; हे वाक्य त्याला त्याची पायरी दाखविते. कोठे तर्क चालवावा आणि कोठे थांबून विचारावे, हे जुन्या कचेरीत नवा कारकून साहेबांच्या चेहऱ्यावरून शिकत असे. यंत्र-कारकुनाला चेहरा दिसत नाही. त्याला ते लिहूनच द्यावे लागते, आणि ते लिहून देण्याची जबाबदारी ज्याने साधन तयार केले त्याची आहे.

एके काळी माहितीपत्रक ही प्रणाली पुरी झाल्यावर शेवटी उरकण्याची गोष्ट समजली जाई. वाचणारा माणूस होता. तो अधिकउणे सांभाळून घेई, चुकीचे वाक्य वाचूनही बरोबर काम करी. लिहिणाऱ्याचा आळस वाचणाऱ्याच्या शहाणपणात झाकला जाई. आता वाचणारा लिहिलेल्याप्रमाणे वागतो. टिपण आणि कृती यांच्यामध्ये जुना शहाणा माणूस उरलेला नाही. त्यामुळे टिपणातले वाक्य हे केवळ वर्णन राहत नाही, ते कामाचाच एक भाग होते.

असे टिपण लिहिणाऱ्याला एक जुनी परीक्षा अजूनही उपयोगी पडेल. ते चार ओळींचे टिपण अशा माणसाच्या हाती द्यावे की, ज्याने ती कचेरी पाहिलेली नाही, ज्याला ती प्रणाली ठाऊक नाही आणि ज्याला कोणाला काही विचारण्याची मुभा नाही. मग त्याला सांगावे, 'काल दुपारचे तीन तास रेखाटनात मांड.' तो जेथे अडेल, तेथे एक वाक्य घालावे; जेथे न अडता चुकेल, तेथे तर अवश्य घालावे. आणि तो जर 'कोणते रेखाटन?' असे विचारण्यासाठी परत आला, तर टिपण चांगले उतरले असे समजावे. कारण ते तीन तास कोणा तरी माणसाचे होते, आणि त्यांना कोणते नाव द्यायचे हे त्याला विचारूनच ठरावयास हवे होते.